माळा भरला की सामान जिन्यात येतं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचे शब्दांकन. वक्ते आपल्याच सोसायटीचे सभासद असून त्यांनी अनेक वर्षे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले आहे. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. ज्यांनी कर्ज काढून इथे फ्लॅट घेतले ते तेव्हा पस्तिशी-चाळिशीत होते, आज साठीच्या घरात किंवा पुढे आहेत. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आपण वेळच्या वेळी करतो. सभासदांचं ऑडिट मात्र कुणी करत नाही. म्हणून समितीनं मला लठ्ठपणा आणि मधुमेह हा विषय दिला. एक गोष्ट आधीच सांगतो. मी औषधं देणारा डॉक्टर नाही. पेशीच्या आत काय चालतं हे शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा आज आपण पेशीतच जाऊ या, तेही चरबीच्या पेशीत.

आपण सगळे एक वाक्य ऐकत आलोय, 'जाड माणसाला शुगर होते.' हे अर्धंच खरं आहे. आपल्याच इमारतीत बघा. वजनाचा काटा नव्वदच्या पुढे गेलेली काही मंडळी आहेत आणि त्यांची साखर अगदी व्यवस्थित आहे. उलट एका विंगमधले एक सडपातळ गृहस्थ, त्यांची परवानगी घेऊन सांगतोय, बावन्नाव्या वर्षी चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघून विचारलं, "तुम्हाला डायबिटीस किती वर्षं आहे?" त्यांना आहे हेच माहीत नव्हतं. कधी तपासलंच नव्हतं. 'मी कुठे जाड आहे?' हे त्यांचं उत्तर. आता हे कोडं कसं सोडवायचं?

त्यासाठी आपल्या सोसायटीतलं एक जुनं भांडण आठवा. जिन्यात सामान ठेवण्याचं. दर वार्षिक सभेत हा विषय निघतो. घरातला माळा रिकामा असतो तोवर कुणी जिन्यात काही ठेवत नाही. जुनी भांडी, गाद्या, गणपतीचं मखर, सगळं माळ्यावर जातं आणि घर नीटनेटकं राहतं. माळा भरला की मग सायकल पॅसेजमध्ये, कपाट जिन्यात आणि कधीकधी खोकी थेट मीटर रूममध्ये. सामान तेच. माळ्यावर होतं तेव्हा उपयोगी, मीटर रूममध्ये गेलं की धोका.

चरबीचं नेमकं असंच आहे. त्वचेखालची चरबी हा शरीराचा माळा. यकृत, म्हणजे लिव्हर, आणि स्नायू हे जिना आणि पॅसेज. स्वादुपिंड ही मीटर रूम. मधुमेह हा बहुतेक वेळा सामान जास्त झाल्यामुळे होत नाही, तर ते चुकीच्या जागी गेल्यामुळे होतो. आज मला एवढं एकच सांगायचं आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

आधी माळा काम कसा करतो ते पाहू. चरबीच्या पेशीत मध्यभागी तेलाचा एक मोठा थेंब असतो. तो इतकी जागा घेतो की पेशीचं केंद्रक बिचारं भिंतीला चिकटून असतं, लोकलच्या दारातल्या प्रवाशासारखं. आपण जेवतो, साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. इन्सुलिन म्हटलं की आपल्याला फक्त साखर आठवते. पण चरबीच्या पेशीला ते दोन हुकूम देतं. एक, रक्तातून आलेली चरबी आत घे. दोन, आतली चरबी बाहेर सोडू नकोस, कुलूप लाव. रात्री जेवणानंतर आठ-दहा तास गेले की इन्सुलिन उतरतं, कुलूप सैल होतं, पेशी फॅटी ॲसिड बाहेर सोडते आणि त्यावर स्नायू, हृदय आपलं काम चालवतात. दिवसा भरायचं, रात्री काढायचं, असा हा रोजचा व्यवहार.

हा साठा केवढा असतो? साखरेचा साठा, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, तो यकृत आणि स्नायू मिळून अर्धा किलोच्या आसपास. एका दिवसाचीही धड बेगमी नाही. पण ६० किलोच्या माणसात १२ किलो चरबी धरली तर ती लाखभर किलोकॅलरी होते, म्हणजे दीड महिन्याहून अधिक दिवसांचं जेवण. दुष्काळात आपले पूर्वज तगले ते या माळ्यामुळे. तेव्हा चरबीला शत्रू म्हणू नका.

शिवाय चरबी नुसती कोठी नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशींतून निघणारं हे हार्मोन मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे, भूक आवर. चरबीतूनच येणारं दुसरं ॲडिपोनेक्टिन इन्सुलिनचं काम सोपं करतं. गंमत म्हणजे चरबीच्या पेशी फुगत गेल्या की हे दुसरं कमी होतं.

आता मुख्य मुद्दा. माळ्यावर जास्त सामान आलं तर दोन उपाय. नवा माळा बांधायचा, नाहीतर आहे त्यातच कोंबायचं. शरीरही हेच करतं. काही माणसांत लहान लहान नव्या चरबीच्या पेशी तयार होतात आणि सामान व्यवस्थित मावतं. ही माणसं जाड दिसतात, पण त्यांची साखर बरीच वर्षं ठीक राहू शकते. दुसऱ्या काही माणसांत नव्या पेशी फारशा बनत नाहीत. मग आहेत त्याच फुगतात. एखादी पेशी फुगून केसाच्या जाडीपेक्षाही मोठी होते. तिला रक्तपुरवठा पुरत नाही, ऑक्सिजन कमी पडतो, काही पेशी मरतात. मेलेली पेशी साफ करायला शरीराचे सफाई कामगार, पांढऱ्या पेशींच्या जातीतले मॅक्रोफेज, भोवती गोळा होतात आणि तिथे मंद दाह सुरू होतो. या दाहातून निघणारी रसायनं इन्सुलिनचा हुकूम मोडीत काढतात. चरबीतून येणारं असं एक रसायन, टीएनएफ-अल्फा, इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं हे १९९३ मध्येच उंदरांमध्ये दिसलं होतं.

मग काय होतं? कुलूप ढिलं पडतं. चरबी रात्रीच नाही, दिवसाही, जेवणानंतरही गळत राहते. ती रक्तातून यकृतात जाते. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना रात्रभर साखर तयार करत बसतं. 'मी रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळची शुगर वाढलेली कशी?' असं अनेक जण विचारतात. त्याचं उत्तर बऱ्याचदा यकृतात असतं. चरबी स्नायूत गेली की स्नायू साखर आत घेत नाहीत. स्वादुपिंडाला जास्त जास्त इन्सुलिन ओतावं लागतं. आणि शेवटी चरबी स्वादुपिंडात, मीटर रूममध्ये शिरली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच थकतात. मग तपासणीत मधुमेह दिसतो. पण सामान जिन्यात यायला सुरुवात झाली होती कित्येक वर्षं आधी.

तुम्ही म्हणाल, ही उपमा झाली, पुरावा काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली. जगात काही थोडी माणसं अशी जन्मतात की त्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. या आजाराला लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात. लठ्ठपणामुळेच मधुमेह होत असता तर हे लोक सर्वांत सुरक्षित असायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांना अत्यंत कडक मधुमेह होतो आणि लिव्हर चरबीनं भरतं. माळाच नाही, तर सामान जाणार कुठे? २००० साली अमेरिकेत असे चरबी नसलेले उंदीर घेऊन त्यांच्यात दुसऱ्या उंदरांची चरबी बसवली, तर त्यांचा मधुमेह सुधारला. चरबी घालून मधुमेह सुधारला, हे लक्षात ठेवा.

दुसरी. २००४ साली लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची त्वचेखालची चरबी लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं ओढून काढली. जवळपास दहा किलो वजन एका फटक्यात गेलं. काही आठवड्यांनी तपासलं, तर इन्सुलिनच्या कामात काहीच फरक नव्हता. माळा रिकामा केला, पण जिन्यातलं सामान तसंच राहिलं.

तिसरी. पायोग्लिटाझोन नावाचं मधुमेहाचं जुनं औषध आहे. ते चरबीच्या नव्या लहान पेशी तयार व्हायला मदत करतं. घेणाऱ्याचं वजन थोडं वाढतं, पण लिव्हरमधली चरबी आणि साखर दोन्ही उतरतात. वजन वाढलं आणि साखर उतरली! म्हणजे माळा वाढवून दिला. हे ऐकून उद्या कुणी केमिस्टकडे जाऊ नका. त्याचे दुष्परिणामही आहेत आणि कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात.

आता हा विषय आपल्या पुण्याशी कसा जोडलेला आहे ते सांगतो. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर जन्मभर काम केलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे. काटा सारखा, आतलं सामान दुपटीहून जास्त. बाहेरून बारीक, आतून चरबीदार असा हा आपला भारतीय देह.

आणि हे जन्मापासून. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या गटानं गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास सुरू केला. या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं राखलेली. म्हणजे साखर खर्च करणारं इंजिन लहान आणि त्याच्या मानानं चरबी जास्त. पुढे हीच मुलं शहरात येतात, बसून कामं करतात, त्यांचे स्नायू आणखी झिजतात आणि आपल्याकडे चाळिशीच्या आतच मधुमेह गाठतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा शिवणकामाची टेप जास्त खरं बोलते. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०. 'माझी पँट चौतिसचीच आहे' असं सांगणारे पुरुष पँट पोटाच्या खाली घालतात, ते माप धरायचं नाही. स्त्रियांची चरबी तरुणपणी मांड्या आणि नितंबांवर असते, ती जागा सुरक्षित. पाळी गेल्यानंतर ती पोटाकडे सरकू लागते. म्हणून पन्नाशीनंतर भगिनींनी टेप जवळ ठेवावी.

आता जिना मोकळा कसा करायचा? आनंदाची बातमी अशी की सामान शेवटी जिथे आलं, तिथून ते आधी निघतं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये मधुमेहाच्या रुग्णांना अगदी कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं. पहिल्या आठवड्यातच यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर पूर्ववत झाली. नंतर स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमध्ये मोठा प्रयोग झाला. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक एका वर्षानंतर औषधांशिवाय मधुमेहमुक्त पातळीवर होते. बारीक लोकांचं काय? टेलर यांच्याच २०२३ च्या एका लहान अभ्यासात फारसं वजन नसलेले २० रुग्ण होते. त्यांतल्या १४ जणांची साखर औषधांशिवाय सामान्य झाली. वजन सरासरी साडेसहा टक्के उतरलं होतं. म्हणजे ६५ किलोच्या माणसाचे चार-सव्वाचार किलो. प्रत्येकाच्या माळ्याची मर्यादा वेगळी. शेजाऱ्याच्या माळ्याकडे बघून आपला मोजू नका.

आणि समजा वजन हललंच नाही तर? त्यासाठी चेन्नईचा अभ्यास. डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार आणि चालणं यांचा सल्ला दिला. २००६ मध्ये निष्कर्ष आले. सल्ला न दिलेल्यांत तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, सल्ला पाळणाऱ्या गटात ३९ जणांना. आणि यात वजन फारसं उतरलेलं नव्हतं! काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो. त्यामुळे जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं आपल्याच आवारात फेऱ्या मारणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याला क्लबचं सदस्यत्व लागत नाही.

एक सावधानतेचा शब्द. मोठेपणी चरबीच्या पेशींची संख्या जवळजवळ कायम राहते. २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हे शोधलं, तेही कसं, तर शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ च्या खुणा पेशींत मोजून. दरवर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. वजन उतरलं तरी पेशी लहान होतात, नाहीशा होत नाहीत. रिकामा माळा तिथेच असतो, पुन्हा भरायला तयार. त्यामुळे उतरलेलं वजन परत येतं तेव्हा तो तुमच्या चारित्र्याचा दोष नसतो, शरीराचा स्वभाव असतो. म्हणून महिनाभराच्या उपासतापासापेक्षा वर्षानुवर्षं जमेल अशी छोटी सवय बरी. चहातली साखर अर्धी करा. चारच्या चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं रोजच्याऐवजी रविवारी. ताटात भाताचा ढीग कमी आणि उसळ, भाजी जास्त. पुरणपोळी सणाला खा, आनंदाने खा. फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर नको.

शेवटी शेजारी म्हणून एक विनंती. लिफ्टमध्ये भेटल्यावर 'काय, सुटलात हो!' किंवा 'अगं, किती जाड झालीस!' हे बोलणं या वर्षापासून बंद करू या. ज्याला आपण हे ऐकवतो, त्याचा माळा कदाचित व्यवस्थित असेल. आणि ज्याला आपण 'तुमचं काय, तुम्ही फिट' म्हणतो, तो त्या एका वाक्याच्या भरवशावर दहा वर्षं रक्त तपासत नाही. आपल्या त्या सडपातळ शेजाऱ्यांचं असंच झालं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं, जाड असो की बारीक, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी एकदा तपासून घ्यावी. घरात कुणाला मधुमेह असेल तर दरवर्षी. समितीला माझी सूचना आहे, पुढच्या वार्षिक सभेच्या दिवशी सभागृहाच्या दाराशी एक टेप टांगून ठेवा. कुणी कुणाचं माप बघायचं नाही, ज्यानं त्यानं आपलं बघायचं.



भाषणानंतरची काही प्रश्नोत्तरे

प्रश्न (एक ज्येष्ठ सभासद) : माझी शुगर आता नॉर्मल येते. गोळ्या बंद करू का?
उत्तर : नाही काका, स्वतःहून नाही. गोळ्यांमुळे नॉर्मल येत असेल तर बंद केल्यावर चढेल. वजन उतरलं असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांनाच कमी करू द्या. परदेशातल्या प्रयोगांतही सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं.

प्रश्न (महिला मंडळातून) : सुनेला दिवस गेलेत. 'दोघांचं खा' म्हणायचं की नाही?
उत्तर : काकू, दोघांचं चांगलं खा म्हणा, दुप्पट खा म्हणू नका. आणि तिची बी-१२ ची तपासणी करायला सांगा. पुण्याच्या त्याच अभ्यासात दिसलं की ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर इन्सुलिनला जास्त दाद देत नव्हती. शाकाहारी घरांत दूध, दही नीट पोटात जातंय ना ते बघा आणि बाकी तिच्या डॉक्टरांचं ऐका.

प्रश्न (मागच्या रांगेतून) : सर, मी जिमला जातो, बारीक आहे. मला टेपची गरज आहे?
उत्तर : जिमला जातोस हे उत्तम. स्नायू वाढवणं म्हणजे सामान खर्च करणारं इंजिन वाढवणं. पण टेप लावायला एक मिनिट लागतं. लाव आणि घरी बाबांनाही लाव.